दिवसा त्याला जागा ठेवा

लासुर्णे, ता. इंदापूर
२७ ऑगस्ट १९९५

चि. सौ. म्हाळसा हिला सोनबाचा आशीर्वाद.

हे पत्र आन् पिल्लू, दोन्ही जोतीरामच्या हाती देतोय. त्याचा टेंपो तुमच्या कोऱ्हाळ्याच्या डेअरीवर येतोच. पिल्लाला पुढं मांडीवर घिऊन बस म्हणलंय, मागं कॅन आदळत्यात.

मेंढरं इकली ते तुला ठावं हायच. राम म्हणतो, आबा, आता बसा. बसलोय. मैना कुत्री मातूर बसंना. रोज सांजच्याला रिकाम्या आवारात चक्कर मारती आन् मेंढरं कुठं गेली म्हणून हुंगत फिरती. तिचं हे शेवटचं वेत. बाकीची पिल्लं वाटली, हे तुझ्यासाठी राखलं. पंचमीला आलीस तवा छकुली ह्यालाच उराशी धरून बसली हुती, जाताना केवढं रडली.

दात शिवशिवत्यात, चावंल. पळाय लागलं की अंगात आल्यागत पळंल. भिऊ नका. काय अडलं तर मला लिव. तुमच्या घरात बागाईत हाय, डेअरी हाय, सगळं हाय. पण कुत्र्याचं कळणारा तुझा सासरा एकटाच, आन् आपण मेंढरामागं हिंडलो हे तो आता कबूल करायचा न्हाय.

नाव तुमीच ठेवा.

सोनबा


कोऱ्हाळे बुद्रुक, ता. बारामती
१४ सप्टेंबर १९९५

ती. आबांस म्हाळसाचा साष्टांग नमस्कार.

पिल्लू पोचलं. पोरांनी बंड्या नाव ठेवलं आन् त्यानं ते खरं करून दाखवलं. आत्याबाईंचं नेसायचं लुगडं दोरीवरून ओढून पार शेणात नेलं. मामंजींची एक चप्पल खाल्ली, दुसरी अजून सापडंना. छकुलीच्या हातावर दाताचे इतके ओरखडे हायत की शाळेत बाईंनी विचारलं, काट्यात पडलीस का.

आबा, हितलं घर तुमी बघितलंय, पण राहिला न्हाय. कोंबडं आरवायच्या आधी दूध घालणाऱ्यांच्या किटल्या वाजत्यात. ते सरलं की पोरांची शाळा, मग गडीमाणसांच्या भाकरी, मग ट्रॅक्टर, मग कडबाकुट्टी, की परत सांजचं दूध. मधी टेप लावलेला असतोच. पाहुणा आला की छकुलीचे पप्पा म्हणतात, "अरे कुत्रं आणा की दाखवायला!" की बंड्याला धरून ओसरीत उभं करायचं. दिवेलागणीला तर त्याच्या अंगातच येतं. गोल गोल पळतो, दिसंल त्याच्या पायाला डसतो.

रात्री बसून रडतो. आत्याबाई आतनं वरडतात, "म्हाळसा, तुझ्या माहेराला गप कर!" मग मी त्याला घेऊन अंगणात बसते. तो झोपला की मी आडवी होते, तवर किटल्या वाजायला लागतात.

काय करू ते कळवा.

तुमची म्हाळसा


लासुर्णे
१९ सप्टेंबर १९९५

चि. सौ. म्हाळसास आशीर्वाद.

कागद मिळाला न्हाय म्हणून कार्ड लिवतोय, थोडक्यात समजून घे. दिवसा त्याला जागा ठेवा. एवढं नेमानं केलं की रातीला आपसूक झोपंल आन् चावायचंबी थांबंल. अजून काय लागलं तर तुझ्या सासऱ्याला, मोहनरावांना विचार, त्यांना सगळं ठावं हाय. मैना बरी हाय. राम ट्रॅक्टरच्या लोनच्या कागदासाठी इंदापूरला गेलाय.

सोनबा


कोऱ्हाळे बुद्रुक
६ ऑक्टोबर १९९५

ती. आबांस सा. नमस्कार.

तुमचं कार्ड छकुलीच्या पप्पांनी भर ओसरीत मोठ्यानं वाचलं. "दिवसा त्याला जागा ठेवा, म्हणजे रात्री झोपेल." आत्याबाई म्हणाल्या, "अगदी बरोबर! ह्या पोरांना मी लहानपणी असंच करायची, दिवसा डोळा लागूच द्यायचा न्हाय." माझ्या लग्नाला आठ वर्षं झाली, माझ्या माहेरचं काही बरोबर निघाल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं. मला जरा बरंच वाटलं. मामंजी तिथंच पान लावत बसले होते.

तवापासनं पोरांना उद्योग मिळाला. बंड्याचा डोळा मिटला की उठवायचं. माझ्या थोरल्या जावेचा राजवर्धन त्याच्या कानाशी डबा वाजवतो. छकुली कान ओढती आन् डोळ्याला पाणी लावती. शाळेला जाताना मला बजावून जाती, "आई, बंड्याला झोपू देऊ नको गं, आजोबांनी सांगितलंय." मी चुलीपाशी बसून त्याला पायानं हलवत राहते.

पण आबा, काहीतरी चुकतंय. बंड्या उभ्याउभ्या डुलतो. भाकरीच्या काल्यात तोंड घालतो आन् घास तोंडात तसाच ऱ्हातो. डोळे लाल झालेत. कुणी हात लावला की आता नुसतं खेळायचं चावणं न्हाय, वरचा ओठ उचलून गुरगुरतो. रात्रीचं रडणं वाढलंय. पण तुमी सांगितलंय म्हटल्यावर मी कोण बोलणार, म्हणून गप बसले.

मलाबी हल्ली पेंग येती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी भाकरी थापता थापता डोळा लागला, तव्याचा जरासा चटका बसला. काळजी करण्यासारखं न्हाय.

दिवाळीला येऊ का? फराळाचं काही करायला नको, साडी नको. आई निजायची त्या भिंतीकडच्या कोपऱ्यात मला तेवढी जागा ठेवा. दोन दिवस झोपते आन् परत येते.

तुमची म्हाळसा


लासुर्णे
११ ऑक्टोबर १९९५

म्हाळसा,

तुमच्या घरात माणसं हायत का धोंडं? जागा म्हंजी ठिकाण गं! झोपायचं ठिकाण! जागं ठेवा म्हणायचं असतं तर मी टिंब दिलं नसतं व्हय? चौथीपतोर शिकलोय मी. आन् दोन म्हैन्याच्या पिल्लाला जागं ठिवा म्हणून सांगायला मला काय याड लागलंय?

आपल्या मेंढरांच्या वाड्याचा मुक्काम पडला की पैलं काय करायचो? चुलीचं दगड नंतर, मेंढरं कोंडायची वाघर नंतर. आदी कुत्र्याला जागा ठेवायची. घोंगड्याचा तुकडा टाकून एक कोपरा त्याचा. तिथं पोरानं पाय ठेवला तर माझा बाप पोराच्या पाठीत घालायचा, कुत्र्याच्या न्हाय. मोहनराव माझ्याबरोबर मेंढरं घिऊन कोकणात उतरलेला माणूस हाय. तो पान लावत बसला? लाव म्हणावं.

आता नीट वाच. चारचौघांत वाचून दाखवू नको, तूच वाच. पिल्लाला थोडं खेळवायचं, खायला घालायचं, बाहेर नेऊन आणायचं, की लगीच त्याच्या जागंवर. झोपलं की मामलेदार आला तरी उठवायचं न्हाय. पिल्लू दिवसाचा बराच येळ झोपतंच, झोपूनच ते वाढतं. चावाय लागलं, गोल गोल पळाय लागलं, म्हंजी मस्ती आली असं समजू नका. ते झोपंला आलेलं असतं आन् त्याला झोपता येत नसतं. तान्हं पोर न्हाय का किरकिर करत? आपून काय करतो, मारतो का त्याला?

हाताला कोरफड लाव.

दिवाळीचं म्हणशील तर रामच्या सासरची माणसं येणार हायत, घर भरलंय. आईच्या कोपऱ्यात रामनं फ्रीज ठेवलाय. राम भाऊबीजंला तिकडंच येईल, तुला हेलपाटा नको. बंड्या झोपाय लागला का ते लगीच कळीव. मला घोर लागलाय.

सोनबा


कोऱ्हाळे बुद्रुक
२ नोव्हेंबर १९९५

ती. आबांस सा. नमस्कार.

तुमचं पत्र वाचलं आन् बंड्याची जागा शोधायला निघाले. आबा, एवढं मोठं घर, वर स्लॅब टाकलेला, आन् कुणाचा पाय पडत न्हाय असा हातभर कोपरा सापडंना! ओसरीत डेअरी. माजघरात टीव्ही. गोठ्यात मशीन. शेवटी माळ्याच्या जिन्याखाली मामंजींच्या आईच्या जुन्या घोंगड्या टाकल्यात, तिथं जागा केली. पुढं पोतं लावलं.

पहिल्या दिवशी बंड्या जो झोपला तो मेला का काय म्हणून मी वाकून वाकून बघायची. चार-सहा दिवसांत गरीब झाला. तुमी लिहिलं तसं खेळला की खायचं, खाल्लं की आत. छकुलीचा हात चाटायला लागला. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू, असं वाटलं घरात माझं काहीतरी ऐकतंय कुणीतरी.

मामंजींना मी एकदा विचारलंच. म्हटलं, कार्ड वाचलं तवा तुमाला जागा म्हंजी काय ते कळलं न्हाय का? तर हळूच म्हणाले, "कळलं हुतं की. वाड्यावरची जागा." मग बोलला का न्हाईत? तर म्हणाले, "डेअरीचं चार लोक बसलेले. त्यांच्यापुढं कुत्र्याच्या घोंगड्याचं काय सांगायचं?" आबा, मला हसावं का रडावं कळंना.

पण ती जागा टिकली न्हाय. एकदा दुपारी बंड्याला झोपवायला आत गेले, घोंगडीला पाठ टेकली आन् माझाच डोळा लागला. आत्याबाईंनी शोधून काढलं. सांजच्याला दूध घालायला आलेल्या बायकांपुढं म्हणाल्या, "आमची सून बघा, कुत्र्याच्या कुशीत झोपती." बाया हसल्या. पुढं कारखान्यातनं सभासदांची दिवाळीची साखर आली, ती पोती जिन्याखाली रचली. बंड्या आता डेअरीच्या खांबाला असतो, किटल्यांमधी. परत पहिल्यासारखा करायला लागलाय.

राम येऊन ओवाळून घेऊन गेला. साडी चांगली हाय. हात मी पदराखाली धरला होता, त्याला दिसला न्हाय.

तुमच्याकडचे पाहुणे गेले असतील आता. फ्रीजच्या कडेला थोडं मोकळं असंल तर बघा.

तुमची म्हाळसा


कोऱ्हाळे बुद्रुक
२१ नोव्हेंबर १९९५

ती. मामांस दादासोचा साष्टांग नमस्कार वि. वि.

पत्र लिहिण्याचे कारण वाईट आहे. रविवारी सायंकाळी बंड्या डेअरीच्या खांबापाशी झोपला होता. छकुलीने त्याला उठवण्यासाठी कान ओढला. तो गालाला चावला. बारामतीस नेऊन टाके घातले, पोटातली इंजेक्शने चालू आहेत. डोळा वाचला हे नशीब. विचारल्यावर पोर रडत म्हणते, "आजोबांनी सांगितलंय दिवसा जागा ठेवा म्हणून." खरा अर्थ कळल्यावर तिच्या आईने तिला दहा वेळा समजावले होते, पण पोरांच्या डोक्यात पहिले बसलेले निघत नाही. चूक कोणाची यात मी जात नाही. मात्र मोठ्या माणसांनी पत्र लिहिताना स्पष्ट लिहावे, एवढीच विनंती.

दुसरे म्हाळसाविषयी. हे लिहिणे जिवावर येते, पण आपण वडील आहात. तिचे कामात लक्ष नाही. दिवसा झोपते. पोरीला कुत्रे चावले तेव्हा ही पलीकडेच वैरणीच्या पेंढ्यांवर झोपलेली होती, किंकाळी ऐकून उठली. त्याच्या आदल्या आठवड्यात चालू कडबाकुट्टीपाशी तिचा डोळा लागला, माझ्या थोरल्या भावाने धावत जाऊन बटण बंद केले म्हणून हात राहिला. दसऱ्याला भाजलेला हात अजून भरलेला नाही, चिघळला आहे. दवाखान्यात चल म्हटले तर म्हणते, दूध कोण घेईल. आईचे म्हणणे की बाहेरचे काही लागले असेल. मला तसे वाटत नाही, हा आळस आहे. आमच्या घरातल्या सगळ्याच बायका एवढे काम करतात.

तरी आपण तिला दोन शब्द समज द्यावी. कुत्रे नेण्यास जोतीरामला सांगावे. भाऊ त्याला कालव्यापलीकडे सोडून येतो म्हणत होता, मी थांबवले आहे.

आपला जावई,
दादासो


लासुर्णे
२७ नोव्हेंबर १९९५

चि. सौ. म्हाळसा हिला आशीर्वाद.

बंड्या पोचला. काय दशा केलीय गं मुक्या जिवाची! टेंपोतनं उतरला तर पाय टाकता येईना. मैनाजवळ नेला, तिच्या पोटाशी तोंड खुपसलं आन् झोपला. दोन दिस नुसता झोपलाय. मी दाराशी खाट टाकून राखण बसलोय. रामच्या पोरांना काठी दाखवली, टीव्हीचा आवाज कमी करायला लावला. राम म्हणाला, कुत्र्यासाठी एवढं? मी म्हणलं, व्हय, कुत्र्यासाठी एवढं. झोप झाल्यावर आज उठला आन् शेपूट हलवली. माझ्या डोळ्याला पाणी आलं. आता त्याला हितं कायमची जागा हाय, कुणी हलवायचं न्हाय.

छकुलीच्या गालाचं ऐकून काळीज चरकलं. वण ऱ्हाईल का? तिला म्हणावं, बंड्या वंगाळ न्हाय.

आता तुझं. जावयाचं पत्र वाचून माझी मान खाली गेली. सासरी दिवसा झोपतीस? पोर कुत्र्यापाशी आन् तू वैरणीत? तुझी आई तुझ्या येळच्या बाळंतपणानंतर पाचव्या दिशी मेंढरामागं चालली, तिनं कधी डोळा लागला म्हणलं न्हाय. जरा घरात ध्यान दे. लोकं काय म्हणतील, सोनबानं लेकीला हेच शिकवलं? बंड्याचं वझं आता तुझ्यावर न्हाय, रातीची नीट झोप आन् दिवसा कामाला लाग. फ्रीजपाशी काय मोकळं न्हाय, रामनं तिथं खुर्च्या ठेवल्यात. उन्हाळ्यात बघू.

हाताचं दवाखान्यात दाखीव.

सोनबा


कोऱ्हाळे बुद्रुक
३ डिसेंबर १९९५

ती. आबांस म्हाळसाचा साष्टांग नमस्कार.

बंड्याची झोप झाली हे वाचून बरं वाटलं. टोमणा मारत न्हाय, खरंच बरं वाटलं. तुमी दाराशी खाट टाकून बसला ते मला डोळ्यापुढं दिसलं. ते वाचून मी रडले. का रडले ते सांगते. तुमाला राग येईल, येऊ दे.

छकुलीचे टाके काढलेत. वण राहणार. रात्री गालाला उशी लागली तरी किंचाळून उठती, म्हणून मी तिच्या उशाशी बसते. ती झोपली की किटल्या वाजतात. बंड्या गेला म्हणून माझी रात्र मोकळी झाली असं तुमी लिहिलंय. माझी रात्र बंड्यानं खाल्ली नव्हती, आबा. तो यायच्या आधी आठ वर्षं हेच चाललंय. तो रडायचा तवा निदान अंगणात कुणीतरी सोबतीला असायचं.

हात दवाखान्यात दाखवला. दोन बोटं पुरती मिटत न्हाईत. भाकरी थापता येतात, म्हणून घरात कुणाला फरक पडला न्हाय.

चावाय लागलं म्हंजी झोपंला आलंय, हे तुमीच लिहिलं. त्याला मारू नका, हेबी तुमीच लिहिलं. मी चावत न्हाय, एवढाच माझा दोष. चावले असते तर तुमी मलाबी टेंपोत घालून न्यायला सांगितलं असतं. बंड्याची चार वळीची खबर वाचून तुमाला घोर लागला. माझ्या हाताला कोरफड सांगितली. आईनं बाळंतपणानंतर डोळा लागला असं म्हणलं न्हाय म्हणता. आई चाळिशीत गेली, आबा. तिला कुणी विचारलं होतं का?

ह्या घराला तुमचं कार्ड वाचता आलं न्हाय म्हणून तुमी आमाला धोंडं म्हणालात. मामंजींवर तर किती चिडलात. मग माझं पत्र काढून बघा, दसऱ्यानंतरचं. शेवटच्या वळीत मी काय लिहिलंय ते. जागा ठेवा, असंच लिहिलंय. चारचौघांत वाचू नका, तुमीच वाचा. तुमी आन् ह्या घरानं, दोघांनी मिळून माझं ते चुकीचंच वाचलं. बंड्याला जागा ठेवली आन् मला जागी ठेवली. एका वेलांटीचा काय तो फरक.

मी आता येऊ का म्हणून विचारणार न्हाय. रामच्या खुर्च्या राहू देत तिथंच.

बंड्याला संभाळा. त्याला कुणी उठवू नका. तुमच्या उत्तराची घाई न्हाय, सवडीनं लिहा. कधीबी आलं तरी वाचायला मी जागीच हाय.

तुमची लेक,
म्हाळसा